मागच्या चाकाचे बेअरिंग: घरी बदलण्याची रीत आणि मर्यादा

वर्धा जिल्ह्यातील मोटारीला एकाच आठवड्यात निरनिराळ्या तऱ्हेचे रस्ते भेटतात. हिंगणघाट आणि जामवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, सेलू व आर्वीच्या बाजूने जाणारा समृद्धी महामार्ग आणि गावाकडे वळल्यावर काळ्या मातीतील पांदण. नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. सपाट भागात येथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. सुमारे दोन मीटर परिघाचे चाक या वेगाने मिनिटाला हजार फेरे घेते. या सर्व फेऱ्यांचा भार चाकाच्या मध्यभागी बसवलेले, तळहातावर मावेल एवढे एक बेअरिंग वाहत असते.

हे बेअरिंग झिजले की मागून एकसारखी घुमणारी घरघर ऐकू येऊ लागते. सुरुवातीला ती टायरची वाटते, म्हणून दुर्लक्ष होते. पुढे चाक डुगडुगते, ब्रेक एका बाजूला ओढतो आणि बिघाड टोकाला गेल्यास चाक निखळण्याचाही धोका असतो. मागच्या चाकाला इंजिनची शक्ती मिळत नाही अशा मोटारींमध्ये हे काम तुलनेने सोपे असते. हाताशी योग्य साधने आणि एक मोकळा दिवस असला, तर ते घरीही करता येते. मात्र आपल्या मोटारीत कोणत्या प्रकारचे बेअरिंग आहे आणि ते बसवताना जोर नेमका कोठे द्यायचा, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

बंडीपासून मोटारीपर्यंत

विदर्भातील बंडीचे लाकडी चाक लोखंडी आसावर थेट घासत फिरते. दोहोंमध्ये असते ते केवळ वंगण. ते संपले की चाक करकरू लागते आणि शेतकरी थांबून पुन्हा वंगण घालतो. घासण्याऐवजी गडगडत जाणारे छर्रे मध्ये ठेवले, तर विरोध कितीतरी कमी होतो, ही बेअरिंगमागील मूळ कल्पना. वेल्समधील फिलिप व्हॉन यांनी १७९४ मध्ये घोडागाडीच्या आसासाठी अशा रचनेचे पेटंट घेतले. अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट मिळवले. टिमकेन यांचा व्यवसायही घोडागाड्या बनवण्याचाच होता. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथील कापड गिरणीत अभियंते असलेले स्वेन विंगक्विस्ट यांनी १९०७ मध्ये स्वतःला सावरून घेणारे बॉल बेअरिंग तयार केले. चिकणमातीवर उभ्या असलेल्या गिरणीची जमीन खचत असे आणि यंत्रांचे दंड वाकडे होत. त्यावरचा तो उपाय होता. काळ्या मातीत वसलेल्या आणि कापड गिरण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या हिंगणघाटला ही अडचण सहज उमगावी.

बेअरिंगचे भाग चार: आतील रिंग, बाहेरील रिंग, त्यांच्यामधील छर्रे किंवा रोलर आणि त्यांना सारख्या अंतरावर ठेवणारा पिंजरा. ग्रीस आत व पाणी बाहेर राहावे यासाठी दोन्ही बाजूंना सील असते. इंजिनची शक्ती पुढच्या चाकांना देणाऱ्या मोटारीत मागचा आस, म्हणजे स्टब अ‍ॅक्सल, स्थिर असतो आणि चाकासह बाहेरील रिंग फिरते. जी रिंग फिरते ती घट्ट बसवायची आणि जी स्थिर असते ती सरकती ठेवायची, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे येथे बाहेरील रिंग ड्रममध्ये दाबून बसवलेली असते, तर आतील रिंग आसावर हाताने सरकते. पुढील सर्व कृती या एका नियमावर आधारलेली आहे.

बेअरिंग का बिघडते?

पहिले कारण पाणी. पावसाळ्यात ओढ्यांवरच्या ठेंगण्या पुलांवरून पाणी वाहते. दूरवरून धावत आलेल्या मोटारीचा हब तापलेला असतो. तो थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते आणि जुन्या सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. त्या पाण्याबरोबर काळ्या मातीचे अतिबारीक कण जातात. पाणी ग्रीसला दुधाळ करते, कण पोलादाला घासतात आणि काही महिन्यांनी घरघर सुरू होते. पाण्यातून गेल्याचे तोवर कोणाच्या लक्षातही राहत नाही.

दुसरे कारण धक्का. खड्ड्यात चाक जोरात आदळले की छर्रे रिंगवर बारीक खळगे पाडतात. तिसरे कारण उष्णता. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत अडकलेला ब्रेक ड्रमला सतत तापवत असेल, तर ग्रीस पातळ होऊन गळते. चौथे कारण माणसाचे: याआधी बेअरिंग बसवताना चुकीच्या जागी मारलेला हातोडा किंवा चुकीचा कसलेला नट.

बिघाडाची खात्री

आवाज आला की थेट बेअरिंग विकत आणणे योग्य नाही. घरघर मोटारीच्या वेगाबरोबर वाढते, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर नाही. मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना, क्लच दाबून इंजिन मंद होऊ द्यावे. आवाज तसाच राहिला, तर तो चाकांकडचा समजावा. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच आवाज बदलत असेल, तर संशय टायरवर घ्यावा. बेअरिंगचा आवाज रस्ता बदलला तरी फारसा बदलत नाही.

मोटार डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी घरघर वाढली, तर दोष बहुधा उजव्या बाजूला असतो. उजवीकडे वळताना वाढली, तर डाव्या बाजूला. त्यानंतर मागची बाजू सुरक्षितपणे उचलून चाक घड्याळातील १२ आणि ६ या ठिकाणी धरून हलवावे. खटखट जाणवली, तर बेअरिंग सैल आहे. चाक हाताने फिरवताना दुसरा हात मागील स्प्रिंगवर ठेवला, तर खरखर बोटांना जाणवते. दहा-वीस किलोमीटर चालवून आल्यावर दोन्ही हबजवळ हात नेऊन पाहावा. एकच बाजू फार तापली असेल, तर दोष बेअरिंगमध्येही असू शकतो आणि अडकलेल्या ब्रेकमध्येही. चाक उचलल्यावर ते जड फिरत असेल, तर आधी ब्रेक तपासावा.

तीन प्रकार, तीन निर्णय

पहिल्या प्रकारात ब्रेक ड्रममध्येच दोन बॉल बेअरिंगे दाबून बसवलेली असतात आणि त्यांच्यामध्ये नळीसारखा स्पेसर असतो. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० सारख्या छोट्या मोटारींतून ही रचना अनेकांच्या परिचयाची आहे. दुसऱ्या प्रकारात निमुळत्या रोलरची, म्हणजे टेपर, बेअरिंगांची जोडी असते आणि नट फिरवून तिची सैल ठरवावी लागते. तिसऱ्या प्रकारात हब आणि बेअरिंग एकत्र, सीलबंद असतात. तो संपूर्ण संच बोल्ट किंवा मध्यवर्ती नट काढून बदलायचा असतो.

तिसरा प्रकार घरी करण्यास सर्वांत सोपा आहे, पण सुटा भाग महाग. पहिला स्वस्त, पण हातकौशल्याचा. दुसऱ्यात ठोकाठोक कमी असते, मात्र नटाची पारख हवी. ओम्नी, अ‍ॅम्बेसेडर, बोलेरो यांसारख्या वाहनांत शक्ती मागच्या चाकांना मिळते. तेथे बेअरिंग बदलण्यासाठी फिरणारा अर्धा आस बाहेर काढून मोठ्या प्रेसवर न्यावा लागतो. ते काम घरी हाती घेऊ नये.

तयारी

जागा टणक व सपाट हवी. पावसानंतर काळ्या मातीच्या अंगणात जॅक हळूहळू रुततो आणि अंगणातील फरशीखाली पोकळी असली, तर ती अवचित तडकते. सिमेंटची जमीन नसेल, तर जॅकखाली जाड सपाट फळी ठेवावी. मोटार जॅकवर ठेवून काम करणे हा जिवाशी खेळ आहे. जॅक केवळ उचलण्यासाठी असतो. पेलण्यासाठी लोखंडी घोड्या, म्हणजे जॅक-स्टँड, निर्मात्याने दाखवलेल्या जागी लावाव्यात. विटा किंवा दगड रचून दिलेला आधार क्षणात फुटतो.

येथे एक बाब सहज नजरेतून सुटते. मागचा ड्रम निघण्यासाठी हँडब्रेक सोडावा लागतो. म्हणजे मोटार धरून ठेवण्याचे काम पुढच्या चाकांवर येते. म्हणून मोटार पहिल्या गिअरमध्ये ठेवून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओट लावणे अपरिहार्य आहे.

साधनांमध्ये योग्य मापाचा सॉकेट, लांब दांडा, टॉर्क पाना, सर्क्लिप काढण्याची पक्कड, पितळी दांडा, हातोडा, स्वच्छ कापड, डोळ्यांसाठी चष्मा आणि नाकाला मास्क लागतो. ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या कापडाने ती पुसून घ्यावी. बेअरिंग, सील, नट आणि स्प्लिट पिन नवीन आणावी. जुन्या बेअरिंगवर कोरलेला क्रमांक नव्याशी ताडून पाहावा. नामांकित कंपन्यांची नक्कल केलेली बेअरिंगे बाजारात येतात, म्हणून खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह करावी. नवे बेअरिंग बसवण्याच्या क्षणापर्यंत वेष्टनातच राहू द्यावे.

काढणे

मधला मोठा नट मोटार चारही चाकांवर उभी असतानाच ढिला करावा. स्टँडवरील मोटारीला लांब दांड्याचे हिसके देणे धोक्याचे असते. स्प्लिट पिन काढून किंवा नटाची दाबलेली कड उचलून मगच पाना लावावा. चाकाचे नटही याच वेळी किंचित सैल करावेत. नंतर मोटार उचलून स्टँडवर ठेवावी, हलवून आधाराची खात्री करावी आणि चाक काढावे. काढलेले चाक मोटारीखाली आडवे सरकवून ठेवावे. आधार सुटलाच, तर ते भार झेलते.

हँडब्रेक सोडून, नट व वॉशर काढून ड्रम बाहेर ओढावा. तो अडकला, तर आतल्या कडेला झिजेने तयार झालेला उंचवटा ब्रेकच्या लायनरला अडतो असे समजावे आणि मागील छिद्रातून अ‍ॅडजस्टर सैल करावा. ड्रम निघाल्यावर कोणीही ब्रेकचे पेडल दाबू नये. दाबल्यास चाकाच्या सिलिंडरमधील पिस्टन बाहेर येतात.

ड्रम हबजवळ लाकडी ठोकळ्यांवर टेकवावा, कडेवर नव्हे. ड्रम बिडाचा असतो आणि बीड ठोकले की तडकते. सील व सर्क्लिप काढावी, स्पेसर किंचित बाजूला सरकवावा आणि पितळी दांड्याने पलीकडच्या बेअरिंगवर समोरासमोरच्या बिंदूंवर आळीपाळीने हलके ठोके द्यावेत. एकाच बाजूला ठोकले, तर रिंग तिरकी होऊन हबची भिंत खरवडते. बेअरिंगे कोणत्या क्रमाने व कोणत्या दिशेने होती, याचे छायाचित्र आधीच काढून ठेवावे.

जुने बेअरिंग काय सांगते?

काढलेले बेअरिंग लगेच फेकू नये. तपकिरी गंज किंवा दुधाळ ग्रीस म्हणजे पाणी. निळसर झाक म्हणजे अतिउष्णता. छऱ्यांच्या अंतराने पडलेले खळगे म्हणजे धक्का. पोलादाचे पापुद्रे सुटलेले असतील, तर ती दीर्घ वापराची झीज. मूळ कारण दूर न करता नवे बेअरिंग बसवले, तर तेही त्याच वाटेने जाते. स्थिर आसावर ओरखडे, निळसर डाग किंवा झिजून पडलेली पायरी दिसली, तर काम तेथेच थांबवावे. असा आस बदलावा लागतो.

बसवणे

हबचे छिद्र स्वच्छ पुसून त्यावर तेलाचा हलका हात फिरवावा. बेअरिंग ड्रममध्ये बसवताना जोर केवळ बाहेरील रिंगवर यावा. आतील रिंगवर जोर दिला, तर तो छऱ्यांमधून पलीकडे जातो आणि रिंगवर न दिसणारे खळगे पडतात. मग नवे कोरे बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरू लागते. बाहेरील रिंगच्या मापाचा सॉकेट किंवा जुन्या बेअरिंगची रिंग मध्ये ठेवून दाब द्यावा.

ड्रम गरम हवेने तापवला आणि बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून काही तास फ्रीजरमध्ये ठेवले, तर काम हलके होते. ४० मिलिमीटर व्यासाचे बिडाचे छिद्र ६० अंशांनी तापले की सुमारे २५ मायक्रॉनने रुंदावते. ही वाढ डोळ्यांना दिसत नाही, पण हातोड्याला जाणवते. बेअरिंगवर ज्योत कधीही धरू नये. घरी भरवशाचा दाब देता येत नसेल, तर ड्रम आणि नवी बेअरिंगे लेथ वर्कशॉपमध्ये नेऊन प्रेसवर बसवून घ्यावीत. उरलेले काम घरी करता येते.

पहिले बेअरिंग तळाशी पोहोचले की ठोक्याचा आवाज बदलतो. त्यानंतर स्पेसर ठेवायचा आणि मगच दुसरे बेअरिंग. मुख्य नट कसला की दोन्ही आतील रिंगा या स्पेसरवर टेकतात. तो विसरला, तर नटाचा सारा ताण छऱ्यांवर येतो आणि बेअरिंग थोड्याच अंतरात जळते. दोन्ही बाजूंनी सीलबंद असलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचे नसते. उघड्या बेअरिंगमध्ये चाकासाठी असलेले, उष्णता सहन करणारे लिथियम ग्रीस बोटांनी छऱ्यांमध्ये दाबावे आणि हबची पोकळी एक-तृतीयांश ते निम्मीच भरावी. ठासून भरलेले ग्रीस घुसळून तापते आणि सीलमधून ब्रेकच्या लायनरवर येते.

नटाचे गणित

बॉल बेअरिंगच्या रचनेत मुख्य नट निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्याइतकाच कसावा. हा आकडा प्रत्येक मोटारीचा वेगळा असतो, म्हणून दुसऱ्या मोटारीचा वापरू नये. अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकावर २० किलो भार दिला, तर सुमारे १०० न्यूटन-मीटर जोर लागतो. अंदाजाने ओढणारा हात यापेक्षा सहज दुप्पट किंवा निम्मा जोर लावून जातो. टॉर्क पाना लागतो तो यासाठीच. मोटार स्टँडवर असल्याने पाना सावकाश, हिसका न देता ओढावा.

टेपर बेअरिंगांची रीत नेमकी उलटी आहे. चाक फिरवत नट माफक कसावा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करून बोटांनी पुन्हा टेकवावा. पिनचे छिद्र जुळत नसेल, तर नट मागे फिरवून जुळवावा, पुढे नव्हे. चाकात केसाच्या जाडीएवढी सैल राहिली पाहिजे. बॉल बेअरिंगसारखा जोर येथे लावला, तर रोलर तापून जखडतात. दोन्ही प्रकारांत जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये.

एबीएस असलेल्या मोटारी

भारतात एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलच्या आणि एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले. अशा मोटारींच्या अनेक हब-संचांमध्ये सीलच्या जागीच चुंबकीय पट्टी असते आणि शेजारचा सेन्सर तिच्यावरून चाकाचा वेग मोजतो. ही पट्टी लोहचुंबकापासून आणि हातोड्यापासून दूर ठेवावी. संच उलटा बसला किंवा पट्टीला इजा झाली, तर डॅशबोर्डवरील एबीएसचा दिवा पेटतो आणि गरजेच्या क्षणी ती यंत्रणा काम करत नाही. सेन्सरची तार ओढून सोडवू नये. आधी तिची खिट्टी दाबावी.

चाचणी आणि मर्यादा

ड्रम बसल्यावर अ‍ॅडजस्टर पूर्ववत करून चाक हाताने फिरवावे. ते मोकळे, निःशब्द आणि न डुगता फिरले पाहिजे. चाकाचे नट आळीपाळीने समोरासमोर कसावेत. मोटार जागची हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल टणक होईपर्यंत अनेकदा दाबावे आणि हँडब्रेक तपासावा. पहिली फेरी वस्तीतील मोकळ्या रस्त्यावर ताशी ३०-४० किलोमीटर वेगाने घ्यावी. परत आल्यावर दोन्ही हबची उष्णता ताडून पाहावी. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासावेत. तोवर समृद्धीवर जाऊ नये. वापरलेले ग्रीस नालीत किंवा मातीत न टाकता डब्यात साठवून गॅरेजमधील जुन्या तेलाबरोबर द्यावे.

टॉर्क पाना नसेल, स्टँड नसतील, आस झिजलेला असेल, ब्रेकच्या लायनरवर ग्रीस आले असेल किंवा नट अपेक्षित जोर घेण्याआधीच फिरत राहिला, तर मोटार स्टँडवरच राहू द्यावी आणि मेकॅनिकला घरी बोलवावे. वर्धा ते नागपूर या सुमारे ७५ किलोमीटरच्या एका फेरीत चाक साडेसदतीस हजार वेळा फिरते. घरच्या कामात राहिलेली उणीव इतक्या फेऱ्या लपून राहत नाही. म्हणून आपल्या मोटारीतील बेअरिंगचा प्रकार, जोर देण्याची रिंग आणि नटाचा आकडा या तीन गोष्टींची खात्री असेल, तरच नटाला पाना लावावा.